बैठकीची उंची

डोमाजींनी सोफ्याच्या हातावर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि मान हलवली.

"प्लाय," ते म्हणाले. "आतून सारा पोकळ."

"अंकलजी, यही मॉडल सबसे ज्यादा चल रहा है," सेल्समन म्हणाला. त्याच्या खिशावर 'अरुणकुमार' अशी पट्टी होती आणि चेहऱ्यावर हसू होतं, पण सोफ्यागणिक ते जरा कमी होत चाललं होतं.

"चालन. पाच वर्षं चालन. मंग?"

पुढच्या सोफ्यावर टकटक सुरू झाली. डोमाजींचं वय शहात्तर. सगळा जन्म भिलाईच्या स्टील प्लांटच्या पॅटर्न शॉपमध्ये गेला. लोखंड ओतायच्या साच्यांसाठी तिथे आधी लाकडाचे नमुने घडवतात आणि त्यात सुताचाही फरक चालत नाही. अशा माणसाला घेऊन सोफा बघायला जाणं म्हणजे सोनाराला बरोबर घेऊन बांगड्या भरायला जाण्यासारखं होतं. सकाळपासून हे तिसरं दुकान. नेहरू नगरच्या शोरूममधला सोफा इतका मऊ, की त्यांची नात उन्नती कमरेपर्यंत आत रुतली. आणि किंमत ऐकून तिचा बाप तेजराम बसला होता तो उभा राहिला. तिथून पावर हाउसच्या बाजारात येऊन एक दुकान झालं आणि आता हे.

तिन्ही दुकानांत सगळे जण बसून बघत होते. उन्नती तर प्रत्येक सोफ्यावर उड्या मारून बघत होती. एकटी तिची आई, जया, उभी होती. सोफा तिला हवा होता, पैसे तिचे होते, गेली सहा वर्षं गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवून साठवलेले, आणि उभीही तीच होती.

कारण समोर सासरे होते. सासऱ्यासमोर सून खुर्चीवर बसत नाही, ही त्यांच्याकडची रीत. साकोलीकडचं गाव सुटलं, शेती सुटली, रीत मात्र सामानाबरोबर गाडीत चढून भिलाईच्या खुर्सीपार वस्तीत आली. जया कधीकधी स्वतःशीच म्हणे, राहायला खुर्सीपारात आणि बसायला खुर्ची नाही.

घरात कुणी तिच्यावर ओरडत नसे, हीच तर पंचाईत होती. भांडायचं तरी कुणाशी? डोमाजी घरात शिरताना खाकरत. खाकरणं ऐकू आलं की जया उठे. ती फार दमलेली दिसली, तर ते आपणहून तोंड भिंतीकडे करून बसत आणि पेपर उघडत, म्हणजे तिला मागे कुठेतरी टेकता यावं. बोलायचं झालं तर नातीमार्फत बोलत. चोवीस वर्षं जयाने त्या पाठीला माया समजून घेतलं, आणि ती मायाच होती. पण पाठ ती पाठच.

सासूबाई, रुक्माबाई, जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यांचा पाट अजून स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून उभा होता. जाड सागवानी पाट, चारी कोपऱ्यांत पितळेची फुलं ठोकलेली. डोमाजींनीच लग्नानंतर करून दिलेला. शेवटी शेवटी रुक्माबाई त्या पाटावरून उठायच्या त्या दाराची चौकट धरून. रोज एकाच जागी हात लागून तिथलं लाकूड गुळगुळीत झालं होतं. यंदा होळीच्या सुमारास जया पोळ्या लाटून उठायला गेली, गुडघ्यात कळ आली, तिने आधाराला हात टाकला आणि तो नेमका त्याच गुळगुळीत जागेवर पडला. तव्याला लागावा तसा तिने तो मागे घेतला.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, "जमीन पर बैठना बिलकुल बंद."

जमिनीवर डॉक्टर बसू देत नाही, खुर्चीवर रीत बसू देत नाही. म्हणजे आता मरेपर्यंत उभंच राहायचं की काय? तिने त्या रात्री जेवताना सांगून टाकलं, सोफा घ्यायचा. सगळ्यांनी आनंदाने होकार दिला. पाहुण्यांना बरं पडेल, तेजराम म्हणाला.

"हा पाहा!" डोमाजींचा आवाज एकदम बदलला. कोपऱ्यातल्या एका तपकिरी, साध्या सोफ्याजवळ ते उकिडवे बसले होते. "सरई हाय, सालाचं लाकूड. पक्की सरई. पानी प्याली तरी हालनार नाही."

"रसमडा के कारखाने का माल है, अंकलजी. मजबूत है, पर डिजाइन थोड़ा पुराना है, इसलिए रेट कम है," अरुणकुमार म्हणाला.

जयाने पुढे होऊन गादी दाबून पाहिली. घट्ट होती, सोडल्यावर लगेच वर येत होती. कापडाची शिवण तिने नखाने ओढून पाहिली. दुहेरी शिवण, टाका बारीक. भाव विचारला, तिच्या आवाक्यातला होता. तिला सोफा आवडला, अगदी मनापासून आवडला.

"तो आंटीजी, बैठिए ना," अरुणकुमार म्हणाला. "बिना बैठे सोफा थोड़े समझ में आता है."

तेजराम चुळबुळला. "मी बसून पाह्यलं ना, चांगला हाय. पॅक करा."

"पापा, सोफा मम्मी ले रही है," उन्नती म्हणाली. "मम्मी, बैठ ना यार. काय होते?"

तेजरामने बापाकडे पाहिलं. "बाबा, चला, आपन बाहीर चहा पिऊन येऊ. तंवर हे पाहून घेते."

त्याची गरजच नव्हती. डोमाजी आधीच वळले होते. पलीकडच्या कपाटाचं दार उघडून ते आतल्या बिजागऱ्या बघत होते, सोफ्याकडे पाठ करून. ती ओळखीची पाठ, पांढरा सदरा, मानेवरची सुरकुती. बस म्हणे, मी पाहत नाही.

जयाला संताप आला. इतकी वर्षं आला नव्हता तेवढा आला. आपल्या पैशाने, भर दुकानात, सेल्समन बस म्हणत असताना, चोरासारखं बसायचं?

"कोनी बाहीर नाही जानार," ती म्हणाली.

"अवं, हळू," तेजराम म्हणाला.

"मामाजी, इकडं पाहा."

डोमाजींचा हात बिजागरीवरच थांबला. आजवर तिने त्यांना असं कधीच हाक मारून काही सांगितलं नव्हतं.

"तुमची पाठ पाहून लय बसली मी. आता तुमच्यासमोर बसून राहिली. अन् घरी बी समोरच बसीन, पाहुने असो का कोनी असो. तुमाले चालत नसंल तर आत्ताच सांगा. मी सोफा नाही घेत. रिकामा सोफा पुसाले मले नाही पाहिजे."

डोमाजी सावकाश वळले. जयाने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, पदर नीट केला आणि बसली. सरळ, मधोमध, दोन्ही हात मांडीवर. पाठ टेकल्यावर कमरेपासून मानेपर्यंत काहीतरी सैल झालं आणि तिला, या सगळ्या गोंधळातही, हायसं वाटलं.

डोमाजी तिच्याकडे पाहत होते. मग त्यांची नजर खाली गेली, सोफ्याच्या पायांपाशी. कपाळाला आठ्या पडल्या.

"उन्नती," ते म्हणाले, "तुह्या मायले म्हन, उठ."

अरुणकुमारचं उरलंसुरलं हसूही गेलं. जयाच्या कानशिलाला आग लागली.

"नाही उठत," ती म्हणाली.

"आजोबा, ये क्या बात हुई?" उन्नती म्हणाली.

डोमाजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, सगळ्यांचे चेहरे पाहिले, आणि मिटलं. मग ते दुकानाबाहेर जाऊन काचेच्या दाराशी उभे राहिले.

"पाह्यलं?" तेजराम दबक्या आवाजात म्हणाला. "कावून तू असं करतं?"

"सोफा घ्यायचा हाय," जया म्हणाली. "हाच घ्यायचा हाय." सासऱ्याने जीभ उचलून उठ म्हटलं होतं. ठीक आहे. आता तर हाच सोफा आणि हीच जागा. ती बसल्या जागेवरून अरुणकुमारशी घासाघीस करत राहिली, आणि घरपोच पोचवायचं भाडं सोडवूनच थांबली.

पावतीवर सही करायला उठताना मात्र गुडघ्याने दगा दिला. सोफा बुटका होता. तिला सोफ्याच्या हातावर जोर देऊन, डोळे मिटून, दात आवळून उठावं लागलं. डोळे उघडले तर काचेपलीकडून डोमाजी बघत होते. तिने मान ताठ केली आणि लंगडणार नाही अशा बेताने काउंटरकडे गेली. मागे वळून पाहिलं तेव्हा ते आत येऊन सोफ्यापाशी वाकले होते आणि जमिनीपासून बैठकीपर्यंत वीत लावत होते. अजून खोट काढायचीच आहे वाटतं, ती मनात म्हणाली.

पुढचे दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. डोमाजी मागच्या अंगणात करवत घेऊन बसले. जेवायला हाक मारली की येत, मुकाट जेवत, परत जात. करवतीचा आवाज ऐकून जयाला वाटे, बोलता येत नाही म्हणून लाकडावर राग काढताहेत. काढू देत. ती मनातल्या मनात उत्तरं तयार करत होती. पाहुण्यांसमोर उठ म्हणाले तर काय म्हणायचं, कुणी गावाकडून आलं तर काय म्हणायचं. एक उत्तर तर इतकं तिखट झालं, की तिचं तिलाच हसू आलं.

रविवारी दुपारी सोफा आला. हमाल तो हॉलमध्ये टेकवणार, तेवढ्यात मागून डोमाजी आले. "थांबा. उचलूनच धरा."

त्यांच्या हातात पिशवी होती. तिच्यातून त्यांनी लाकडाचे चौकोनी गट्टू काढले आणि दोन-दोनाच्या थराने सोफ्याच्या एकेका पायाखाली सरकवले. वरच्या प्रत्येकात पाय अचूक बसेल एवढी खाच कोरलेली होती. सोफा खाली आला आणि जरासुद्धा डुगडुगला नाही.

जयाने पुढच्या पायाकडे पाहिलं. गट्टूच्या कोपऱ्यात पितळेचं फूल होतं.

तिने वळून स्वयंपाकघराच्या दाराशी पाहिलं. पाटाची जागा रिकामी होती. भिंतीवर त्याच्या आकाराचा एक उजळ चौकोन राहिला होता.

ती हळूच सोफ्याच्या एका टोकाला बसली. पावलं सपाट टेकली. मग उठली. हात कुठेच टेकवावा लागला नाही. तिला खरं वाटेना, म्हणून परत बसून परत उठली. मग पुन्हा बसली ती बसलीच. तयार केलेली सगळी उत्तरं वाया गेली होती.

डोमाजी दुसऱ्या टोकाला येऊन बसले. भिंतीकडे नाही, समोर तोंड करून. आधीच ते ठेंगणे; त्यांची पावलं जमिनीपासून चार बोटं वर राहिली.

"आजोबा, तुमचे पैर तो लटक रहे हैं!" उन्नती खिदळली.

दारात कुणीतरी खाकरलं. डोमाजींचे पॅटर्न शॉपमधले जुने जोडीदार बाबुलाल, सोफा आल्याचं ऐकून आले होते. खाकरणं ऐकून जयाचे गुडघे सवयीने ताठ झाले, हात पदराकडे गेला. पदर तिने डोक्यावर घेतला. उठली नाही.

बाबुलाल उंबऱ्यातच थबकले. त्यांनी सुनेकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं. "डोमाजी, हे काय पाहून राहिलो मी?"

"सोफा पाहून राहिला," डोमाजी म्हणाले. "बसताना सारेच सोफे चांगले लागते, बाबुलाल. उठताना समजते. दुकानात तेच पाहाचं होतं मले, उठ म्हनलं, तर हे रागावली माह्यावर."

जयाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ते बाबुलालकडेच बघत होते, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"तिच्या मापाचा हाय," डोमाजी म्हणाले. "ये, बस. पन सांभाळून, आपले पाय नाही पुरत."

बाबुलाल बिचकत मधल्या जागेत बसले. त्यांचेही पाय लोंबकळले. पाहुणा आला म्हणजे आता चहा, आणि चहा म्हणजे जयाने उठायचं. सगळे त्याचीच वाट बघत होते. जया पाठ टेकून बसली.

"अहो," ती तेजरामला म्हणाली, "चहा ठेवता का जरा?"

तेजरामने घाबरून बापाकडे पाहिलं.

"माह्यात साखर कमी टाकजो," डोमाजी म्हणाले.