ओल्या गोणपाटातला पाइप

मित्रांनो, माझं हे फुगलेलं तोंड बघून हसू नका. मी एक जुना पाण्याचा पाइप आहे, साध्या प्लास्टिकचा, करड्या रंगाचा. गोरेगावात भीमराजच्या विहिरीपासून त्याच्या अंगणातल्या हौदापर्यंत आमची लाइन जाते. त्या लाइनीतला हातभर तुकडा म्हणजे मी. कारखान्यातून निघालो तेव्हाच माझं काम ठरलेलं होतं, गार पाणी वाहायचं आणि आपणही गार राहायचं. मोटार सुरू झाली की माझ्या पोटातून पाणी खळखळत जायचं. भीमराजची बायको पल्लवी घागर घासता घासता गुणगुणायची. सुखाचे दिवस होते ते.

भीमराजची एक काळी-पिवळी जीप होती. गोरेगाव ते कनेरगाव नाका, कधी पुढे वाशिमपर्यंत तो प्रवासी न्यायचा. जीपमध्ये टर्बो होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा दाबून भरतो, म्हणून माणसांनी गच्च भरलेली गाडीही चढ चढून जाते. ही दाबलेली हवा चांगलीच तापलेली असते आणि ती एका जाड रबरी नळीतून जाते. दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात ती नळी मधोमध फाटली. नवी हिंगोलीत मिळेना, नांदेडहून मागवावी लागणार होती. गाडी उभी राहिली तर घर चालायचं कसं? भीमराजची नजर अंगणात भिरभिरली आणि नेमकी माझ्यावर येऊन थांबली. पल्लवी नको नको म्हणत असताना त्यानं करवतीनं मला कापलं आणि चाँद पाशा मिस्त्रीकडे नेलं.

चाँद पाशानं मला हातात फिरवून पाहिलं. "भीमराज, ह्यो पाण्याचा माल हाय," तो म्हणाला. "गरम हवेत टिकायचा न्हाई. शुक्रवारपर्यंत चालव, मग नवी नळी टाक."

फाटलेल्या नळीच्या दोन टोकांमध्ये मला बसवून त्यानं क्लिपा आवळल्या. गाडी सुरू झाली आणि माझ्या पोटात वणवा पेटला. मी नरम पडतोय हे भीमराजलाही कळलं. मग त्यानं शक्कल लढवली. प्रवासात पाण्याच्या बाटलीला गुंडाळतात तसं ओलं गोणपाट मला गुंडाळलं आणि दर थांब्यावर त्यावर पाणी ओतू लागला. लोक बॉनेटमध्ये डोकावून त्याच्या डोक्याला दाद द्यायचे. खोटं कशाला बोलू, मलाही थोडा गर्व झाला. शुक्रवार आला आणि गेला. नव्या नळीचं नाव कोणी काढेना.

आणि हे ओतायचं पाणी यायचं कुठून? पल्लवी ते विहिरीतून शेंदून कॅन भरून द्यायची! मी जागेवर होतो तेव्हा पाणी आपसूक अंगणात येत होतं. आता मला गार ठेवायला ती बाई रोज दोर ओढत होती. मला फार लाज वाटायची. एकदा ती नवऱ्याला म्हणालीच, "गाडीला पाणी पाजून राहिले तुमी, अन् घरचं पाणी कापून बसले." भीमराजनं हसून कॅन गाडीत टाकला.

मग दीक्षाचा दिवस आला. दीक्षा म्हणजे भीमराजची धाकटी बहीण. वाशिमला तिची नर्सिंगच्या प्रवेशाची मुलाखत होती. नाव पुकारलं तेव्हा हजर नसली तर जागा गेली. निघायलाच उशीर झाला, म्हणून भीमराज वाटेत कुठं थांबलाच नाही. गोणपाट वाळून कडक झालं. कनेरगाव नाक्याच्या अलीकडे चढ लागला, टर्बोनं जोर धरला आणि माझं एक तोंड फुग्यासारखं फुगायला लागलं. माझा कपचा उडून इंजिनात गेला तर? गाडीही गेली आणि पोरीची जागाही! मी जिवाच्या आकांतानं धरून राहिलो, पण शेवटी फाट्कन क्लिपेतून सुटलो.

काळा धूर निघाला. गाडी चढावर अडकली. भीमराजनं इंजिनाकडच्या नळीत बोटं घालून चाचपलं, मग मला उलटंसुलटं करून पाहिलं. मी अख्खा होतो. एक कपचाही आत गेला नव्हता. हुश्श! माझा जीव भांड्यात पडला. धूळ आत जाऊ नये म्हणून त्यानं त्या नळीच्या तोंडावर आपला रुमाल ताणून क्लिपेनं आवळला आणि इंजिन सुरू केलं. टर्बोचा जोर नव्हता, पण इंजिन चालत होतं. प्रवासी उतरून चढभर पायी चालले. दीक्षा मला मांडीवर घेऊन पुढे बसली होती. रडत होती बिचारी. धूर सोडत, रडतखडत आम्ही वाशिम गाठलं. तिचं नाव अजून पुकारलं नव्हतं.

दीक्षा बाहेर आली ती हसतच. जागा मिळाली होती. कॉलेजच्या फाटकाशीच भीमराजनं मला हातात घेतलं. "आता हा पाइप गाडीला लावायचा न्हाई," तो म्हणाला. त्याच दिवशी त्यानं नव्या नळीसाठी नांदेडला निरोप धाडला.

मला वाटलं, आपण आता उकिरड्यावर. पण पल्लवीनं माझं फुगलेलं तोंड निरखलं. पाइपाचं तोंड चुलीवर तापवून फुगवतात आणि त्यात दुसरा पाइप बसवतात, हे तिनं पाहिलेलं होतं. माझं एक तोंड तर आयतंच फुगलं होतं! दुसरं तिनं चुलीच्या धगीवर फुगवलं. भीमराजनं लाइन जरा ओढून घेतली आणि दोन्ही बाजूंचे पाइप माझ्यात गच्च बसले. मोटार सुरू झाली. गार पाणी माझ्या पोटातून गेलं, आणि मित्रांनो, इतके दिवस जळलेल्या माझ्या अंगाला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

आता दीक्षा सुट्टीत घरी आली की आधी हौदावर हातपाय धुते आणि जाता जाता माझ्या तोंडावरून हात फिरवते. तेच जुनं गोणपाट पल्लवीनं माझ्यावर पांघरलंय, उन्हानं मी तडकू नये म्हणून. तुमच्या अंगणात आमचा एखादा भाऊ उन्हात पडलेला असेल, तर त्याच्यावरही काही तरी टाका. आणि कोणी त्याला कापायला करवत घेऊन आलं, तर आधी विचारा, उद्या या घरचं पाणी कोण शेंदणार आहे.