ढगाखालचा केस

“अहो, पुन्हा तीच? ही तर आहे ना आपल्याकडे! कपाटात आधीच डब्या मावत नाहीत आणि तुम्ही एकच सिनेमा दोनदा आणता. उद्या बायकोही दुसरी आणाल, नवी आवृत्ती निघाली म्हणून!”

काकूंची ही कुरकुर मी अगदी जवळून ऐकली, कारण ‘ही तर आहे ना’ म्हणताना त्यांचं बोट माझ्याच डबीवर टेकलं होतं.

मित्रांनो, मी एक जुनी सिनेमाची चकती आहे. पसरलेल्या तळहाताएवढी, मधोमध भोक, एका अंगाला चित्र आणि दुसऱ्या अंगाला आरसा. मला उजेडात धरलं की माझ्या पोटावरून इंद्रधनुष्य फिरतं. कुणी मला डिस्क म्हणतं, कुणी सरळ सीडी म्हणून मोकळं होतं. सीडी म्हटलं की काका रागावतात.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेल्या काचेसारख्या प्लॅस्टिकचा एक घोट साच्यात पडला, वरून दाब बसला आणि माझ्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे बारीक बारीक खड्डे उमटले. त्यावर चकचकीत मुलामा चढला. झालं! एवढ्यात माझं बारसंसुद्धा उरकलं. पण त्या खड्ड्यांत काय साठवलं होतं, माहीत आहे? एक अख्खं जंगल! एक कोल्ह्याचं पिल्लू सकाळ कुठे राहते ते शोधायला निघतं, अशी ती गोष्ट. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी माणसांनी ती हातांनी काढली होती. पिल्लाने नुसती मान वळवायची म्हटली तरी चित्रांचा ढीग लागायचा. कुणीतरी दिवसभर फक्त शेपटीचं टोक रंगवत बसलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच टोक, केसभर पुढे सरकलेलं. हे मनात आलं की मला आजही यंत्राशिवाय गरगरायला होतं.

आणि गंमत बघा, हा सिनेमा मी स्वतः कधी पाहिला नव्हता. यंत्रात गेलं की सगळा अंधार. खालून एक लाल किरण येतो आणि आंधळ्याने भिंत चाचपावी तसा माझं अंग चाचपत जातो. बाहेर पडद्यावर सकाळ होते, आत मला काही दिसत नाही. मला दिसतात ते बाहेर काढल्यावरचे माणसांचे चेहरे. त्या चेहऱ्यांवरूनच मी ओळखायचे, की माझ्या पोटात काहीतरी फार सुंदर आहे.

मला विकत घेतलं ते काकांनी. काका रंगांच्या दुकानात रंग जुळवून देतात. कुणी भिंतीचा पोपडा आणतं, कुणी पडद्याची चिंधी. काका ती खिडकीपाशी नेतात, डोळे बारीक करतात आणि सांगतात, “पांढऱ्यात थोडा पिवळा, आणि नावाला काळा. जास्त नको, रुसेल.” रंग वाळला की पोपडा कुठला नि भिंत कुठली, सांगता यायचं नाही. त्यांची लेक लहानपणी आजारी पडली, तेव्हा तिला रमवायला त्यांनी मला घरी आणलं. लेक बरी झाली. आजार जडला तो बापाला! मग माझ्यामागे एकेक करत अशाच हाताने काढलेल्या सिनेमांच्या चकत्या येत गेल्या. काकांनी त्या नावाप्रमाणे लावल्या नाहीत, रंगाप्रमाणे लावल्या. काकूंनी एखादी मागितली की आतून आवाज यायचा, “अगं, शेवाळी कप्प्यात बघ! शेवाळी! तू पोपटीत शोधतेयस!”

“मला दोन्ही हिरवेच दिसतात,” काकू म्हणायच्या, “म्हणून तर संसार झाला.”

एकदा सकाळ उगवण्याचा प्रसंग चालू असताना काकांनी चित्र थांबवलं आणि लेकीला हाक मारली. पडद्यावर, मोठ्या ढगाच्या खाली, रंगात एक बारीक केस चिकटलेला होता म्हणे. रंगवणाऱ्याच्या ब्रशचा.

“बघ,” काका एकदम हळू आवाजात म्हणाले. “कुणीतरी इथे हात फिरवला होता, पोरी. केस गळला, त्याला कळलंही नाही. तो माणूस आता असेल, नसेल. केस आहे.”

मला बाहेर काढलं तेव्हा दोघांचे चेहरे असे होते, जणू खरोखरीच कुणाचा तरी हात पाहून आलेत. त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो केस पाहावा लागे. नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबरसुद्धा सुटला नाही.

पुढे लेक मोठी झाली, सासरी गेली. लोक सिनेमे मोबाइलवर पाहू लागले. मी कपाटात वर्षानुवर्षं उभी होते. काका मात्र मला विसरले नाहीत. महिन्यातून एकदा मऊ फडकं घ्यायचे आणि मधल्या भोकापासून काठाकडे सरळ पुसायचे, गोल कधीच नाही. मग ती नवी आली, जिच्यामुळे काकूंची कुरकुर झाली. सिनेमा तोच, पण जुन्या रिळावरून धुऊनपुसून काढलेला. काकांनी तो एकदाच पाहिला आणि कपाळाला हात लावला. “केस पुसला की यांनी! आणि हे आकाश? साबणाची जाहिरात आहे का?” खरं सांगते, मला गुदगुल्या झाल्या.

मग लेकीची लेक आली. तिला सगळे चिमणी म्हणतात. ती धावत यायची, मला कडेने धरायची आणि स्वतःच यंत्रात घालायची. माझे दिवस पुन्हा पालटले.

पण त्याच सुमारास घरातले दिवे बदलायला लागले. काका म्हणाले, बल्ब मिणमिणतो. नवा बल्ब आला. मग म्हणाले, तोही मिणमिणतो. स्वयंपाकघरापासून जिन्यापर्यंत सगळे बल्ब बदलून झाले. मग दोष चष्म्यावर गेला, मग टीव्हीवर. एक दिवस कपाटापाशी उभ्या राहून काकूंनी लेकीच्या कानात सांगितलं, “दुकानातून एक गिऱ्हाईक डबे परत घेऊन आलं गं. फिकट पिवळा मागितला होता, यांनी निळसर करून दिला. मालक काही बोलले नाहीत. हे घरी आल्यावर मालक सगळे डबे पुन्हा जुळवतात.”

“डॉक्टरीणबाईंना विचारलं मी,” लेक म्हणाली. “म्हणाल्या, आत्ता आणलंत तर साधं काम आहे. फार पिकू दिलंत तर अवघड जाईल.”

“तू सांग त्यांना.”

“आई, तू सांग ना.”

कुणीच सांगितलं नाही. कारण त्या दुखण्याचं नाव या घरात उच्चारायची सोय नव्हती. काकांच्या वडिलांनी खूप वर्षांपूर्वी त्याचंच ऑपरेशन करून घेतलं होतं आणि तो डोळा पुन्हा उघडलाच नव्हता. तेव्हापासून तो शब्द दाराबाहेर होता. आणि जो माणूस डोळ्यांवर जगला, त्याला डोळ्यांचंच कोण आणि कसं सांगणार?

मग तो रविवार आला. सकाळी काकांनी आम्हा दोघींना, मला आणि त्या नव्या चकतीला, पुसायला काढलं आणि परत ठेवताना मला तिच्या डबीत घातलं, तिला माझ्या. अख्ख्या जन्मात त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. दुपारी सगळे जमले. काकांनी माझी डबी घेतली आणि आतली चकती यंत्रात सरकवली.

पडदा उजळला तशी लेक दचकली. तिने हळूच दुसरी डबी उघडली. आत मी. तिने आईकडे पाहिलं, आईने मान हलवली, नको. डबी तिच्या मांडीवर उघडीच राहिली.

आणि मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा सिनेमा पाहिला.

काय सांगू! ते माझं नव्हतं, तिचं होतं, भडक होतं, तरी पाने हलत होती. कुणीतरी काढलेली पाने खरीखुरी हलत होती! पिल्लू थांबलं, त्याने कान टवकारला आणि त्या एका कानामागे बसलेल्या सगळ्या माणसांचे हात मला दिसल्यासारखे झाले. हे मी पोटात घेऊन फिरत होते? इतकी वर्षं? मग झाडांमागून सकाळ वर आली आणि मला माझ्या मत्सराची लाज वाटायचीसुद्धा शुद्ध राहिली नाही.

“बघा, आकाश बघा,” काका खुशीत म्हणाले. “कसं उबदार! जुन्या चकतीलाच हे जमतं.”

आकाश निळंशार होतं.

काकांनी चित्र थांबवलं. “चिमणे, दाखव बरं, केस कुठाय?”

चिमणी पडद्यापाशी गेली. ढगाखाली स्वच्छ निळं होतं, दुसरं काही नाही. तिने नीट शोधलं. मग वळून आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि रिकाम्या आकाशावर बोट ठेवलं.

“हा काय, आजोबा. दिसला.”

“शाब्बास! डोळे माझ्यावर गेलेत हिचे!”

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला कडेने धरा, उन्हात टाकू नका. आणि अधूनमधून तिला उजेडात तिरकी धरून पाहा. ओरखडा दिसला तर ‘काही नाही, काही नाही’ म्हणत डबीत घालू नका. बरे होणारे ओरखडेही असतात, पण ते वेळेत पाहावे लागतात.

काकू उठल्या. चिमणीचं बोट त्यांनी पडद्यावरून हलकेच खाली घेतलं. मग काकांच्या शेजारी येऊन बसल्या, अगदी खेटून. चारचौघांत अशा त्या कधी बसत नसत.

“अहो, तिथे केस नाहीये.”

“काहीतरीच काय! पोरीला दिसला की.”

“पोर खोटं बोलली. तुमच्यासाठी. आम्हीच शिकवलं तिला, आम्ही सगळे बोलतो तसं.” काकूंनी त्यांचा चष्मा काढून आपल्या हातात घेतला. “मीही घाबरलेय. पण ऐका. तुम्हाला मोतीबिंदू झालाय.”