एरंड कुठं रोवायचा

"मदी म्हंजे कुटं, ते आदी सांग," आबा म्हणाले, आणि देवळाच्या ओट्यावरची माणसं त्यांच्याकडं वळली.

आबा म्हणजे माझे सासरे, गेणबा. नांद्याच्या होळीत मधोमध एरंड रोवायचा मान आमच्या घराचा. खड्डा मारुतीसमोर, गावाच्या मध्यावर. तिथला निखारा नेऊन मग घरोघरची होळी पेटायची. पण आता त्या जागेवरून विजेच्या तारा गेल्यात.

एकनाथने मोबाइलवरचा नकाशा पुढं केला. "नव्या सोसायट्या धरल्या तर गावाची मदी पाण्याच्या टाकीपाशी येतीया. होळी तितंच करू. आन मानासाठी चिठ्ठ्या टाकू, आता गाव सगळ्यांचं हाय."

कालपर्यंत आमच्या ओसरीवर चहा ढोसणारा हा एकनाथ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आबा मात्र "उद्या सांगतो" म्हणून उठले.

घरी मी फुग्यावर टिकल्या चिकटवत बसले. हायस्कूलला विज्ञान शिकवते मी.

"ह्यो काय पोरखेळ?" आबांनी विचारलं.

"विश्व पसरतंय, आबा. ते मुलांना दाखवायचंय. आतली हवा धरू नका, नुसतं वरचं रबर म्हणजे विश्व." मी फुगवत गेले, टिकल्या एकमेकींपासून लांब सरकल्या.

"ह्यातली मदली कंची?"

"कुठलीच नाही. जिच्यावर उभं राहाल, तिथून बाकीच्या लांब जाताना दिसतात. प्रत्येकीला वाटतं, मीच मधली."

बैल घेताना दात बघावेत तसा त्यांनी फुगा फिरवून फिरवून पाहिला. "येवढ्या आभाळाला मदी न्हाई, आन एकन्या नांद्याची काढतोय व्हय?" म्हणत खदखदून हसले. मला वाटलं, जिंकलो. उद्या एकनाथची चांगली जिरणार.

दुसऱ्या दिवशी आबा फुगा घेऊनच ओट्यावर गेले. सगळं नीट समजावलं, माझ्यापेक्षा जोरात. मग म्हणाले, "तवा टाकीपाशी मदी न्हाई. आन मारुतीफुडं बी नव्हती. आमी आपली धरली व्हती. तारांखाली जाळ करून पोरं भाजायची हायेत का? खड्डा टाकीपाशीच खणा."

एकनाथ वरमला. "मग एरंड तुमीच रोवा, आबा."

"मदी न्हाई तर मदल्याचा मान कसला? टाक चिठ्ठ्या."

मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच.

चिठ्ठी सोसायटीतल्या निरंजनची निघाली. होळीच्या संध्याकाळी त्याने एरंड रोवला तो तिरका. लोकांनी आबांकडं पाहिलं. आबांनी हात मागं बांधून घेतले. "ब्येस झालं," म्हणाले, आणि सगळ्यात आधी त्यांनीच बोंब ठोकली. जुनी-नवी सगळी माणसं हसली. होळी झकास पेटली, खोटं कशाला बोलू.

घरच्या होळीसाठी आबांनी खापरात निखारा घेतला. टाकीवरून घराची वाट सरळ आहे, पण ते मारुतीकडं वळले. मी मागं गेले. वर्षानुवर्षांच्या जाळाने तिथली जमीन काळी पडली आहे. त्यावर त्यांनी खापर टेकवलं आणि टाकीकडच्या उजेडाकडं बघत उभे राहिले.

"हितनं बी समदं लांब जाताना दिसतंय, साधना," ते म्हणाले. आवाज अगदी रोजचा होता.

"इझंल त्यो. चल."

त्यांनी खापर उचललं. मी वाऱ्याच्या बाजूला पदर धरून चालू लागले.