आखजीची हाक

"झोपला काय रे, माह्या राजा?"

रिसोडचा बाजार करून बाप झुलत यायचा आणि अंगणातूनच अशी हाक घालायचा. मग लहानग्या मारोतीला छातीशी धरून इतकं गोड बोलायचा की पोराच्या पोटात दिवा लागावा. एकदा सकाळी पोरानं भीतभीत विचारलं, "आबा, काल मले राजा म्हनलं तुमी." बैलाचं दावं सोडता सोडता बाप म्हणाला, "पेलो असन मी."

दिवा तिथंच विझला. मारोतरावांनी पुढं जन्मभर थेंब तोंडाला लावला नाही. लोकांना वाटे, माळ घातली असेल. माळ नव्हती. मनाशी एवढंच धरलं होतं, की गोड बोलायचं ते शुद्धीत, सकाळीही खरं राहील असं. पण शुद्धीत शब्द ओठापर्यंत येत आणि मागं फिरत.

बायको सोजरबाई मेथीच्या वाफ्यात पाणी वळवताना टोमणा मारायची. न पेणारा नवरा भेटला म्हणून गाव मले भाग्याची म्हणते, पण आमच्या मळ्यात मोटार बोलते, मालक नाही बोलत. आणि स्वतःच हसायची. अशी हसत हसत, वाट पाहत, पौषात ती गेली.

आज आखजी, अक्षय्य तृतीया. पितरांत तिची पहिली घागर. घरची रीत अशी, की ताट वाढल्यावर नवऱ्यानं निखाऱ्यावर घास ठेवायचा आणि नाव घेऊन तिला जेवायला बोलवायचं. हाक गेल्याशिवाय पितर उंबरा ओलांडत नाही. मारोतरावांनी तर तिला जितेपणीही कधी नावानं हाकारलं नव्हतं. 'वर्षाची माय', एवढंच. निखाऱ्यांवर राख धरू लागली. लेक वर्षाराणी पदर तोंडात धरून उभी होती.

मेहुणा रामधन जवळ सरकला. बंडीच्या खिशातली चपटी बाटली पुढं करून कानाशी म्हणाला, की भाऊजी, एक घोट घ्या, जीभ मोकळी होईल. माझी बहीण दारात उपाशी उभी आहे.

मारोतरावांनी बाटली हळूच बाजूला सारली.

"नाही रामधन. पेऊन बोललो, तं तिले वाटन, दारूच बोलून राह्यली."

घास निखाऱ्यावर ठेवला. धूर डोळ्यांत गेला, पण डोळे त्यांनी पुसले नाहीत.

"सोजर," ते म्हणाले. "ये, जेवाले ये. लय जीव होता वो माहा तुह्यावर. अजून हाये. सकाळी इचारजो, हेच सांगन."