दर्भाचा रुचिर

सावित्री नदीच्या काठी मुरारीभटजींनी दर्भाचा पुतळा बांधला आणि संकल्पासाठी विचारलं, "सर, मुलगा कुठे गेला? ठिकाणाचं नाव?"

"पोर्ट मोर्स्बी. पापुआ न्यू गिनीची राजधानी," रघुवीर सर म्हणाले. एवढ्यावर थांबायचं की नाही! पण महाडात उभा जन्म भूगोल शिकवलेला माणूस, जित्याची खोड. "दक्षिण किनाऱ्यावर. त्या देशात बेदम पाऊस, पण हे शहर त्या मानाने कोरडं. मूळ वस्ती मोतू लोकांची. मग एक इंग्रज कप्तान आला, त्याने बंदराला आपल्या वडिलांचं नाव..." इथे मात्र त्यांची नजर पुतळ्याकडे गेली.

रुचिर, त्यांचा एकुलता एक, त्याच बंदराबाहेर जहाजावरून पडला होता. सोबतच्या खलाशांनी त्याला बुडताना पाहिलं होतं. शोधही केव्हाच थांबला. देह नसला की पुतळ्याला अग्नी द्यायचा, ही रीत. सरांना हे एकदाचं उरकायचं होतं. दाराकडे कान लावून जगणं आता त्यांना सोसवत नव्हतं.

पण त्यांच्या पत्नी, प्रमोदिनीबाई, पुतळ्याशेजारी ठाण मांडून बसल्या होत्या. बायकांनी इथे यायचं नसतं, हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नव्हती.

"त्याला पोहता येतं," त्या म्हणाल्या. "याच नदीत शिकलाय. जिवंत लेकराला मी जाळू देणार नाही."

"अगं, पुरे आता."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही. "भटजी, हा जाळला आणि तो परत आला, तर?"

मुरारीभटजी चपापले. शास्त्रात उत्तर होतं, पण आजवर कुणी विचारलं नव्हतं. "तर वहिनी, त्याचा नवा जन्म धरतात. जातकर्मापासून सगळं पुन्हा. बारसंसुद्धा."

बाई पुतळ्याचं विस्कटलेलं डोकं सारखं करत राहिल्या. मग उठून बाजूला झाल्या.

"द्या अग्नी," त्या म्हणाल्या. "नाव रुचिरच ठेवू."

सरांना सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची शिसारीही आली. वाळका दर्भ तो, बघता बघता जळून गेला.

घरी जाताना बाई कितीतरी दिवसांनी आपणहून बोलल्या. "एवढा मोठा मुलगा पाळण्यात कसा मावायचा हो?"

जे वाट पाहणं संपवायला सरांनी अग्नी दिला होता, ते आता नव्याने सुरू झालं होतं.

"बघू," ते म्हणाले.