भाड्याचं सुतक

"घालून तर बघा, दोना झुल्मिरा," दुआर्त म्हणाला आणि त्याने काळा ब्लाउज तिच्या खांद्यांना लावून पाहिला. "काळ्यात तुम्ही अगदी खऱ्या वाटाल."

"म्हणजे आत्ता काय खोटी वाटते का रे?" झुल्मिराने विचारलं.

समोरच्या माझ्या दुकानात मी एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासत होतो. आमची गल्ली एवढी अरुंद, की तिच्या खिडकीतलं बोलणं ऐकायला कान टवकारावे लागत नाहीत. ऐकायचं नसेल तर मात्र कानात बोळे घालावे लागतील.

"तसं नाही हो," दुआर्त गोड हसला. हा माणूस हसला की मला शिसारी येते. "वरच्या मजल्यांवर उतरणारे पाहुणे लिहितात, घर छान आहे, पण जुनं लिस्बन कुठे दिसलं नाही. त्यांना खिडकीत एक आजी हवी असते. कपडे वाळत घालणारी, काळ्यातली. तुम्ही विधवा आहातच की! दहा ते पाच बसायचं, बस. खोली तुमचीच."

"आणि नाही बसले तर?"

"तर महिनाअखेरीला भाड्याचा कागद संपतोय," तो म्हणाला. ब्लाउज तिच्या मांडीवर ठेवून तो टेकडी उतरून गेलासुद्धा.

दुआर्तचा काका मेला आणि ही इमारत पुतण्याच्या घशात गेली. वरचे चारही मजले त्याने रिकामे करवले आणि पर्यटक पाहुण्यांना रोजच्या भाड्याने दिले. तळमजल्यावरची झुल्मिरा तेवढी उरली होती. आता दारांवर नावं नाहीत, किल्ल्यांच्या डब्या आहेत. सकाळपासून फरसबंदीवर चाकांच्या बॅगा खडखडतात. बंदरात मोठं जहाज लागलं, की अर्ध्या दिवसात अख्खं शहर उरकायला निघालेले लोक टुकटुक रिक्षांतून ओतले जातात. माझ्या दुकानाच्या पायरीवर लघवी करून, वर मला विचारतात, इथला अस्सल माणूस कुठे भेटेल? सार्डिन मासे आम्ही जूनमध्ये खातो, तेव्हा ते चरबीने टंच असतात. हे जानेवारीत बर्फातले मासे खाऊन बोटं चाटतात. मी या गल्लीत जन्मलो आणि आता मला या गल्लीची किळस येते. खरं तेच सांगतो.

आता त्या काळ्या ब्लाउजचं. आमच्याकडे नवरा गेला की बाई मरेपर्यंत काळं घालते. माझ्या आईने घातलं, तिच्या आईने घातलं. झुल्मिराने मात्र एक दिवससुद्धा घातलं नाही. तिचा नवरा झेफेरिनु गोदीत हमाल होता आणि घरी कसाई. त्याच्या हाताने त्यांच्या मुलीचा, ओतिलियाचा, डावा कान कायमचा गेला. वीस वर्षांपूर्वी तो यकृत सडून मेला, तेव्हा झुल्मिरा त्याच्या शवपेटीमागून मोरपिशी झगा घालून चालली. गल्लीतल्या बायकांनी छातीवर क्रूस काढले, काही जणी तिच्या वाटेवर थुंकल्या, आणि दोन वर्षं तिच्याशी कुणी बोललं नाही.

त्या दिवशी दुआर्त गेल्यावर मी वस्तरा खाली ठेवून खिडकीशी गेलो. ती ब्लाउजची बटणं उगाच लावत-सोडत बसली होती.

"काय करणार?" मी विचारलं.

"कापडच ना ते, आमारु?"

"ओतिलिया तर कधीची बोलावतेय तुला. नदीपलीकडे बारैरुला जा की."

"तिथे मी पाहुणी. जावई चांगला आहे, पण पाहुणी ती पाहुणीच," ती म्हणाली. "इथे अख्ख्या गल्लीने वाळीत टाकलं तरी मी हलले नाही. मार खाऊन हलले नाही. आता या शेंबड्यासाठी हलू?"

"मग घालू नकोस."

"न घालून रस्त्यावर बसू? तू येणारेस माझ्या बॅगा घेऊन?" ती खेकसली आणि खिडकीपासून उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती काळ्यात खिडकीशी आली, तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. कावळ्यासारखी दिसत होती आणि ते तिला ठाऊक होतं.

मग रोजचंच झालं. कातिया नावाची गाइड पिवळी छत्री उंचावून घोळके आणायची. झुल्मिरा दुआर्तच्याच पाहुण्यांच्या चादरी दोरीवर घालायची, काढायची, पुन्हा घालायची. लोक फोटो काढायचे, तिच्या खिडकीत डोकं घालून आतली खाट बघायचे. एकाने तर तिच्या सूपच्या भांड्यावरचं झाकण उचललं. मला वाटलं होतं ती दोन दिवसांत कंटाळेल. ती कंटाळली नाही, नुसती गप्प झाली. मुलीलाही तिने यातलं काही कळवलं नव्हतं.

एका रविवारी ओतिलिया न कळवता आली. हातात केकचं खोकं. गल्लीत घोळका उभा होता, म्हणून ती मागेच थांबली आणि सवयीने उजवा कान पुढे करून ऐकू लागली. कातिया इंग्रजीत रंगात आली होती. परदेशी खलाशांच्या दाढ्या करण्यात माझं आयुष्य गेलंय, मला ते सगळं समजतं.

"नवऱ्यावर हिचं एवढं प्रेम," कातिया सांगत होती, "की वीस वर्षं हिने काळं अंगावेगळं केलं नाही."

घोळक्यातून हळहळ उठली. एका बाईने छातीवर हात ठेवला. अर्ध्या चड्डीतला एक लालबुंद गडी कातियाला म्हणाला, "तिला जरा नदीकडे बघायला सांग ना. दुःखी."

ओतिलिया लोकांना ढकलत खिडकीपाशी पोचली.

"हे काय घातलंयस?"

झुल्मिराच्या हातातली चादर खाली पडली. "घरासाठी गं. नुसतं कापड आहे."

"नुसतं कापड? पेटी निघाली त्या दिवशी बायका तुझ्यावर थुंकत होत्या, आई. आणि तू माझा हात धरून म्हणालीस, याच्यासाठी एक काळा दोरासुद्धा नाही." ओतिलियाने केकचं खोकं खिडकीच्या कठड्यावर आदळलं. "मी त्या एका वाक्यावर जगलेय. दुसरं काय दिलंय मला या घराने?"

घोळक्याला वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. फोन वर झाले. झुल्मिराने कातियाकडे बोट केलं.

"ए मुली. सांग यांना. तो मारायचा. मला आणि हिला. मेला तेव्हा मी देवाचे आभार मानले."

कातिया हसली आणि इंग्रजीत म्हणाली, "त्या म्हणतात, ते फार ताकदवान होते. त्यांच्यासोबत मिळालेल्या वर्षांसाठी त्या देवाच्या ऋणी आहेत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडणार, तेवढ्यात ओतिलिया वळली. तिने बारा वर्षं हॉटेलांतल्या खोल्या झाडल्यात, इंग्रजी तिलाही येतं.

"खोटं आहे," ती म्हणाली. "तो आम्हाला मारायचा. हा माझा कान त्याने फोडला. तो मेला, तेव्हा ही रंगीत कपडे घालून गेली होती. हे काळं तुमच्यासाठी घातलंय, तुमच्यासाठी."

टाळ्या थांबल्या. छातीवर हात ठेवलेल्या बाईने तो खाली घेतला आणि तिला तो कुठे ठेवावा कळेना. लालबुंद गड्याने कातियाला हळूच विचारलं, "पण फोटो काढलेला चालेल ना?"

झुल्मिराने घाई केली नाही. तिने आधी जिरेनियमची कुंडी आत घेतली, मग दोरीवरच्या चादरी एकेक करून काढल्या आणि बाहेर फरसबंदीवर टाकल्या. मग लेकीला म्हणाली, "तू आत ये. केक उन्हात वितळतोय." आणि खिडकीची दारं ओढून घेतली. आतून कडी लावल्याचा आवाज मला दुकानात ऐकू आला.

महिनाअखेरीला मी तिच्या बॅगा घेऊन बोटीच्या धक्क्यापर्यंत गेलो. ती रडेल अशी भीती होती. तिने फक्त विचारलं, जावयाला मासे कसे आवडतात ते मला माहीत आहे का. मला कुठून माहीत असणार! बोट सुटल्यावर ती आत जाऊन बसली, काठाकडे वळून पाहिलं नाही.

खिडकी आठवडाभरसुद्धा रिकामी राहिली नाही. दुआर्तने शहराबाहेरून एक बाई आणली, आर्मिंदा. दहाला येते, काळं चढवते, पाचला उतरवून बसने घरी जाते. बाई गरीब आहे, तिला मी बोल लावणार नाही. तिचा नवरा जिवंत आहे. दुपारी तो तिचं जेवण घेऊन येतो, दोघं खाटेवर बसून जेवतात, आणि पिवळी छत्री दिसली की तो दाराआड उभा राहतो.

परवा तो माझ्याकडे दाढीला आला होता. मी त्याला विचारलं, "रोज ऐकता, काय वाटतं हो?"

"काय वाटायचंय?" तो आरशात स्वतःकडे बघत म्हणाला. "ती छत्रीवाली पोरगी मला रोज वेगळ्या तऱ्हेने मारते. काल मी समुद्रात बुडालो."

"आणि आज?"

"आज अजून घोळका आलेला नाही," तो म्हणाला आणि त्याने मान मागे टेकवली.