खाल्लेलं कुठं जातं

मी स्वादुपिंड बोलतोय. मखमलाबादच्या मल्हारीचं. नाव ऐकून चेहरा कोरा झाला ना तुमचा? ठाऊक होतं मला. आई लेकराला ‘माझ्या काळजाचा तुकडा’ म्हणते. स्वादुपिंडाचा तुकडा आजवर कोणी कोणाला म्हटलेलं नाही. जठराच्या मागे मी आडवा पडलेला असतो. अन्न पचायला रस देतो, रक्तातली साखर ताब्यात ठेवायला इन्सुलिन देतो. जन्मभर बिनबोभाट राबलो, म्हणून कोणी साधी चौकशीही केली नाही.

मल्हारी जन्माचा किडकिडीत. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडता फोडता तो भोवळ येऊन पडला. त्याची आई आक्काबाई तिथेच पाट्या वाहत होती. पदराने त्याचं तोंड पुसत ती म्हणाली, “पुन्हा तुला उपाशी ऱ्हाऊ देणार नाय, बाळा.” बाईने शब्द पाळला. खाटीकसुद्धा बोकडाला इतक्या मायेने चारत नसेल.

पुढे पाऊसपाणी सुधारलं, मळ्यात झेंडू-शेवंती डोलू लागली आणि मल्हारी अंबडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला लागला. मग सुरू झालं. सकाळी सायीसकट दूध, डब्यात तुपाने थबथबलेल्या भाकऱ्या, घरी आला की शेंगदाण्याचे लाडू, जेवणानंतर वाडगाभर शिरा. तो नको म्हणाला की आई डोळ्यांना पदर लावायची, की हा पुन्हा ताटावर. एवढं चापूनही हात काठीसारखेच. आक्काबाई बायकांत बसली की सुस्कारा टाकायची, “काय सांगू बाई, खाल्लेलं अंगी लागतच नाय त्याच्या!”

अंगी लागत नव्हतं? अगं बाई, माझ्या अंगी लागत होतं! काहींच्या कातडीखाली चरबी मावायला जागाच थोडी असते. मल्हारी त्यातला. मग ती चरबी आधी शेजारच्या यकृतात घुसली आणि तिथे दाटी झाल्यावर माझ्याकडे आली. इन्सुलिन तयार करणाऱ्या माझ्या पेशी त्या चरबीत गुदमरू लागल्या. वरून पाहणाऱ्याला मात्र दिसायचा एक बारीक, गरीब बिचारा माणूस. त्याची कीव करत जो तो त्याला आग्रहाने वाढायचा.

काही वर्षांनी पोट तेवढं सुटलं. आक्काबाईला आनंद मावेना. त्याची बायको मालनबाई हळूच म्हणाली, “आत्याबाई, हातपाय हायेत तसेच हायेत. नुसतं पोटच वाढलंय.”

“तुझ्या डोळ्यात खुपतंय व्हय गं माझं पोर?” सासू फिस्कारली. मालनबाई गप्प बसली. ती बोलत राहिली असती तर बरं झालं असतं, पण त्या घरात सुनेचं कोण ऐकणार?

मग मल्हारीला तहान लागू लागली. तांब्यावर तांबे रिचवायचा आणि पुन्हा पुन्हा न्हाणीकडे पळायचा. न्हाणीच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागली. आक्काबाईने निदान केलं, “उष्णता झालीय.” आणि औषध काय? धन्याचं पाणी, खडीसाखर घालून, रोज तांब्याभर! मला हात असते तर मी तो तांब्या भिंतीवर आपटला असता.

डॉक्टर तरी शहाणा निघावा! शहरातल्या एका डॉक्टरने त्याच्या दंडाकडे बघून सांगितलं, “इतक्या बारीक माणसाला कसली साखर? अशक्तपणा आहे. ताकदीचं खा.” झालं, शिऱ्यातलं तूप वाढलं. पुढे दुसऱ्याने लघवी तपासली तेव्हा साखर सापडली. आणि हे ध्यान खुशीत! कारखान्यात सांगत सुटला, “शेठ लोकांचा आजार झालाय आपल्याला.” आक्काबाईने साखरेचा डबा फळीवर टाकला आणि चहात गूळ घालायला लागली. “डागदरानं साखर बंद केलीय, गूळ कुठं बंद केलाय?”

सत्त्याऐंशीत नव्या बुटाने टाच सोलली. पायांना बधिरपणा आलेला, त्याला कळलंच नाही. वास सुटला तेव्हा मोजा काढला. दवाखान्यात डावा पाय गुडघ्याखाली कापला. आक्काबाई बाहेर शिऱ्याचा डबा घेऊन बसली होती, ताकद यावी म्हणून. इतकी वर्षं गप्प बसलेली मालनबाई तेव्हा फुटली. “तुम्ही तोडला त्यांचा पाय! चारून चारून तोडला!”

म्हातारीने शिऱ्याचा डबा पदराखाली लपवला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, बरं वाटलं. घरी आल्यावर आक्काबाईने देव्हाऱ्यातला भंडारा उचलला आणि खंडोबाची शपथ घेतली, “आता गोडाचा कण त्याच्या तोंडात जाऊ देणार नाय.” त्या दिवसापासून सासूसुनेचा अबोला.

माझ्याकडून इन्सुलिन मिळेना, म्हणून आता ते सुईने द्यावं लागे. मालनबाई शिकली. डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलं होतं, “सुई दिल्यावर जेवण चुकवायचं नाही, नाहीतर रक्तातली साखर एकदम उतरेल. घाम फुटला, हात कापायला लागले, की काही विचार न करता साखर द्या.” हे तिने सासूला सांगायला हवं होतं. पण आधी कोण बोलणार?

आज मालनबाईने त्याला सुई टोचली, भाकरी वाढून ठेवली आणि फुलांची पाटी घेऊन ती बाजाराला गेली. कापलेल्या पायाच्या दुःखाने मल्हारीला अन्न गोड लागत नाही. त्याने ताट बाजूला सारलं. थोड्या वेळाने त्याला दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले.

“आई, साखर दे. चिमूटभर दे.”

“नाय रं लेकरा. मरायचंय का तुला?”

“मालनला... डागदर म्हणला...” जीभ जड झाली त्याची. तो खुरडत फळीकडे निघाला. आक्काबाईने साखरेचा डबा उचलून पोटाशी धरला आणि रडत रडत दुसऱ्या हाताने त्याला मागे ढकललं.

आता तो निपचित पडलाय. श्वास घरघरतोय. मी इथे चरबीत रुतलेला, ओरडलो तरी ऐकणार कोण? वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी कोणी बारीक असेल, तर त्याची कीव करून ताट भरू नका. माझी वेळ संपत आली. येतो मी.

थांबा, दार वाजलं. मालनबाई रिकामी पाटी घेऊन आत आली. आक्काबाई लेकाचं डोकं मांडीवर घेऊन बसली आहे. इतक्या महिन्यांचा अबोला तिनेच मोडला.

“मालन, लय मागत होता गं. पर एक कण दिला नाय मी. बघ, आता कसा शांत झोपलाय.”